केळी कोण कापतं

आठवी ब, शेवटचा बाक, गोपीचंद बारेला.
"मॅडम, युगांडात केळी कोण कापतं?"
मी फळ्यावर प्रमुख पिके लिहीत होते.
पुस्तकात केळीच्या आधी कॉफी होती, नंतर कापूस,
मध्ये दोन स्वल्पविराम.
कापणारं कुणी नव्हतं.

त्या रात्री लाईट आली तेव्हा साडेनऊ झाले होते.
मुलाचा जुना लॅपटॉप उघडला, फोनचं नेट जोडलं
आणि देशाचं नाव टाकलं.
आधी आले सिंह.
मग गोरिला, तिकिटाच्या दरासकट.
मग एक उपाशी पोर,
फोटो कुठला, कधीचा, कुणी काढला, खाली काही नाही.
मग तुम्हाला ठाऊक नसलेल्या दहा गोष्टी.
दहाही मला ठाऊक होत्या,
सव्वीस वर्षं मी त्याच शिकवत आले.

हे कुशीवर वळून म्हणाले,
"इतली रातले काय धुंडी ऱ्हायनी?"
"केयी कापनारा."
"अव, मंग सकायले नाक्यावर जाय ना,
वीस भेटतीन."

हळूहळू हात बसला.
देशाचं नाव सोडून जिल्ह्याचं धरलं,
तेव्हा त्यांच्या सांख्यिकी खात्याचं पान निघालं.
ते उघडेपर्यंत चहा उतू गेला,
पण आत सगळं होतं, वर्षावार, टनांत.
टनांना हात नसतात.
दुसऱ्या रात्री इंग्रजांच्या वेळचा एक नकाशा,
परदेशातल्या कुठल्याशा ग्रंथालयानं स्कॅन केलेला,
कडेला धरणाऱ्याच्या अंगठ्याची सावली.
नकाशापेक्षा मी अंगठाच जास्त वेळ बघितला.
तिसऱ्या रात्री मसाकाकडचा एक रेडिओ लागला.
अक्षर कळेना. पण बाई भाव सांगतेय, हे कळलं.
रावेरचा बोर्ड भाव वाचणाराही असाच
आकड्यापाशी आला की जरा वर चढतो.

वहीच्या मागच्या पानावर पोरांसाठी लिहून ठेवलं:
तारीख बघा. लिहिणारा कोण बघा,
त्याला पैसे कोण देतं तेही.
तिथे राहून लिहिलेलं आधी वाचा.
आणि अडलात, तर त्यांचा शब्द शोधा, आपला नको.

त्यांचा शब्द होता लुसुकू.
केळीची बाग.
तेवढं टाकलं आणि मागचं दार उघडावं तसा
कंपालाच्या एका विद्यार्थिनीचा प्रबंध समोर आला,
दोनशे अकरा पानं.
परिशिष्ट चार, मुलाखत नऊ.
नाव नाही. स्त्री, बावन्न, मजूर.

ती म्हणते, घड मी उतरवते,
सायकलवर दुसराच नेतो,
पैसे तिसरा मोजतो.
म्हणते, चीक पडला की कपडा गेला.
पोरगी शाळा बुडवून हाताखाली येते,
तिच्या गणवेशावर डाग आहेत,
मास्तर रागावतो.

बाहेर यावल रस्त्यानं केळीचा ट्रक गेला,
खिडकीची काच थोडी वाजली.
मला गोपीचंदचा डावा खांदा आठवला,
तिथला तपकिरी, पसरट डाग,
आणि जुलैमधला मंगळवार,
जेव्हा मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं होतं:
"शर्ट धुवत नाही का रे घरी कुणी?"
सगळा वर्ग हसला होता.
तोही हसला होता, हे जास्त वाईट.

सकाळी हजेरी झाल्यावर मी सांगितलं,
बाया कापतात. निदान एक तरी,
बावन्न वर्षांची.
शर्टाचं बोलायचं होतं, ते घशातच राहिलं.

गोपीचंद उभा राहिला.
खांद्यावर दप्तराचा पट्टा ओढून घेतला,
नेमका तिथेच.
"किती मिळतात तिला? घडामागं, का रोजानं?"

परिशिष्टात ते नव्हतं.